रहाटावर बसलेले फादर

फादर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर आधी आवाज आठवावा लागतो, आणि आवाज आठवायचा तर तुमचा एखादा प्रश्न. कॉलेजात असताना मी तुमच्याशी कायम इंग्रजीत बोललो, आणि तुम्ही मला कायम मराठीत उत्तर दिलंत. माझं इंग्रजी चौलच्या वाडीतलं होतं आणि तुमचं मराठी पुस्तकातलं, तरी दोघांनीही हट्ट सोडला नाही. आज मात्र मराठीतच लिहितो. काही गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहून गेल्या. तुमच्या पाठीमागे घडल्या त्या, आणि तुम्ही येण्याआधी आमच्या घरात घडल्या त्याही.

पहिल्या वर्षी मी कॉलेजात फक्त तासांपुरता असायचो. घंटा झाली की वह्या काखेत मारून गिरगावात मामांच्या खोलीवर. ती दगडी इमारत, जिन्याच्या वळणावरचा क्रूस, पांढऱ्या झग्यातले तुम्ही लोक, या सगळ्याचं मला भय होतं असं नाही. पण आपण इथे पाहुणे आहोत आणि पाहुण्यानं फार हिंडू नये असं वाटायचं. एकदा तुम्ही मला व्हरांड्यात अडवलंत. "तास संपल्यावर तू काय करतोस?" मी म्हटलं, खोलीवर जातो. "आणि?" वाचतो. "आणि?" जेवतो, झोपतो. तुम्ही भुवया वर केल्यात आणि अगदी मनापासून विचारलंत, "मग तू कॉलेजात येतोस कधी?" मला वाटलं तुम्ही थट्टा करता आहात. तुम्ही उत्तराची वाट बघत उभे होतात.

त्याच आठवड्यात मी तुमच्या निसर्ग मंडळात आलो. वनस्पतिशास्त्राच्या खोलीत लांब टेबलं, त्यांवर दाबून वाळवलेली पानं, शेवाळाचे नमुने, आणि एका कोपऱ्यात चहाची किटली. चहाबरोबर प्रत्येकाला एकेक पाव मिळाला. मी तो हातात धरून बसलो. घरून निघताना आईनं एकच गोष्ट बजावली होती: "काय पन कर, त्यांच्या हातचा पाव खाऊ नको." तुम्ही जवळ येऊन विचारलंत, का खात नाहीस? आणि का कोण जाणे, मी खरं सांगून टाकलं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात, फिरंग्यांच्या राज्यात पादऱ्यांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी गाव प्यालं आणि गाव बाटलं. एक ख्रिस्ती मुलगा लाल झाला. तुम्ही स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात. "कुठली विहीर? ती अजून आहे? ही गोष्ट बायका सांगतात की पुरुष? आणि पाव टाकताना कोणी पाहिला होता का?" मला जमलं तेवढं मी सांगितलं. शेवटी तुम्ही माझ्या हातातला पाव काढून घेतलात, टोपलीतलं केळं दिलंत आणि म्हणालात, "हे झाडानं दिलं आहे. मी नाही." ते केळं मी खाल्लं. त्यानंतरची तीन वर्षं मी मामांच्या खोलीवर फक्त झोपायला जात होतो.

वादविवाद मंडळात मी पडलो आणि तिथेच रमलो. गॅदरिंगच्या नाटकात दिवाणजी झालो, पडदा ओढला, हॉकीच्या सामन्यात सीमारेषेवर उभा राहून घसा बसवून घेतला. पण खरा मी तुमच्या मंडळाचा. आम्ही सगळे ठिकठिकाणचे. पारशी, ख्रिस्ती, गुजराती, एक बोहरी, आणि मुलीही होत्या. त्या काळात मुली आमच्याबरोबर चिखलात उतरून खेकडे बघत, हे मी घरी कधी लिहिलं नव्हतं. मग एका बैठकीत तुम्ही भर सभेत म्हणालात, "तुझ्या गावाला समुद्र आहे, खडक आहेत, जुने किल्ले आहेत. आणि तू आम्हाला अजून नेलं नाहीस. का बरं?"

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीचा हिवाळा तो. मी वडिलांना, अप्पांना, भीतभीत लिहिलं, की माझे मास्तर आणि काही विद्यार्थी येऊ म्हणतात, मास्तर पादरी आहेत. अप्पांचं उत्तर आलं: "आणा. किती माणसं ते कळवा." मला वाटलं, झालं, सोपं होतं. घरात काय झालं ते मला नंतर बहिणीनं सांगितलं. गावकीतले एक वडीलधारे काका ओट्यावर येऊन बसले होते. म्हणाले, "पादरी हाय तर त्याला कोर्लईला उतरव. खाडीपल्याड त्याची मानसं हायत. आपल्या पानवठ्यावर नको." अप्पा सुपारी कातरत होते. म्हणाले, "त्यो माझ्या पोराचा मास्तर हाय. मास्तराला खाडीपल्याड न्हाय उतरवत." काका म्हणाले, "तुझ्या पोरीची सोयरीक चाललीय, ध्यानात हाय ना?" अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "मला बघायचाय त्यो मानूस. जो पोरान्ला गवत बघायला लांब लांब नेतो, त्यो कसा असंल?" फादर, माझे वडील कधी अलिबागच्या पुढे गेले नव्हते. पण तुमच्यात आणि त्यांच्यात काहीतरी सारखं होतं, ते मला त्या वेळी दिसायला हवं होतं.

बोट रेवदंड्याबाहेर खोल पाण्यात उभी राहिली आहे. आम्ही पडावातून किनाऱ्याला लागतो. तुम्ही झगा गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उडी मारता आणि किनाऱ्यावरची कोळ्यांची पोरं आनंदानं ओरडतात. दिवसभर ओहोटीच्या खडकांवर आपण वाकून वाकून शेवाळ गोळा करतो, आणि संध्याकाळ व्हायच्या आत छकड्यांनी चौलला येतो. मुलांची सोय सुपाऱ्या वाळवायच्या खोपटात, मुलींची घरात आईजवळ, तुमची पडवीत खाटेवर. जेवणाची पानं अंगणात मांडलेली, आणि त्यांतलं तुमचं जरा बाजूला, एकटं. तुम्हाला ते दिसलं, मला माहीत आहे. तुम्ही जाऊन त्याच पानावर बसलात आणि आईला विचारलंत, "हा भात लाल का आहे?" आई पदराआडून म्हणाली, "भात तसाच असतो." तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे नसतो," आणि आईला हसू आवरेना. मी वाढायचं भांडं घेऊन ती ओळ आणि तुमचं पान यांच्या मध्ये उभा. शेवटी भांडं ठेवलं, माझं पान उचललं आणि तुमच्या शेजारी जाऊन बसलो. अप्पांनी पाहिलं. ओट्यावरून म्हणाले, "भात वाढा रे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घडलं. वाडीत रहाट चालू झाला होता. तो कुरकुरणारा आवाज ऐकून तुम्ही खाटेवरून उठलात तसेच, पायांत वहाणा नसताना, पोफळींमधून आवाजाच्या दिशेनं चालत सुटलात. मी मागे धावलो. विहिरीपाशी आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका पाणी भरायला आल्या होत्या, आणि काका होतेच. पादरी विहिरीकडे येतो आहे म्हटल्यावर एका बाईनं घागर उचलून पोटाशी धरली. आईनं आदल्या रात्री माझ्या कानात सांगितलं होतं, "बाकी काय पन दाखव, पान्यापाशी नको नेऊस त्येला." मी तुम्हाला हाक मारणार, एवढ्यात तुम्ही स्वतःच थांबलात. विहिरीपासून चांगले दूर. सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलंत. मग तिथल्या धोंडीवर खिसे रिकामे करायला लागलात. रुमाल, जपमाळ, भिंग, घडीचा चाकू, शिंपले, ओलं शेवाळ, आणखी शेवाळ. झग्याचे खिसे उलटे करून दाखवलेत आणि तुमच्या त्या पुस्तकी मराठीत मोठ्यानं म्हणालात, "पाव नाही!"

मग घागर पोटाशी धरलेली बाईच पहिली हसली. अप्पा रहाटाच्या दांड्यावरून उतरले, तुमच्यासमोर आले, धोंडीवरचं भिंग उचलून त्यातून स्वतःचा तळहात पाहिला, ते जागच्या जागी ठेवलं आणि म्हणाले, "या. बसा."

तुम्ही दांड्यावर बसलात. बैल चालू लागला, गाडगी भरून वर येऊ लागली, पाणी पन्हळीतून पाटात पडू लागलं. प्रश्न न विचारता तुम्हाला इतका वेळ बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. मग म्हणालात, "हाच. अगदी हाच रहाट. माझ्या गावात." अप्पांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. तुमच्या स्पेनात रहाट? तुम्ही तुमच्या भाषेतला शब्द सांगितलात, नोरिया, आणि अप्पांनी तो दोनदा तोंडात घोळवून पाहिला. संत्र्यांच्या बागेत असतो म्हणालात. "बैल?" अप्पांनी विचारलं. "नाही. गाढव. कधी खेचर." अप्पा खो खो हसले. "त्याचे डोळे बांधतात?" "बांधतात. चक्कर येऊ नये म्हणून." अप्पा बैलाच्या झापडीला हात लावून म्हणाले, "हितं पन त्याच्याचसाठी. आन् वर बसतो त्याला चक्कर येत न्हाय?" तुम्ही खाली पाण्याकडे पाहिलंत. म्हणालात, "वर माझे वडील बसत होते. त्यांना मी हे कधी विचारलं नाही." अप्पांनी मान हलवली आणि बैलाला आणखी एक फेरी मारायला लावलं. तुम्हा लोकांना घरी परतायचं नसतं, एकदा निघालात की निघालात, हे मला पुढे कोणीतरी सांगितलं. तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या फेरीत तुमच्या मनात काय होतं, याचं कुतूहल मला अजून आहे.

तुम्ही चौलहून गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळू दिलं नाही. बहिणीची सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, शुद्धी करून घ्या मग बघू. अप्पा म्हणाले, "शुद्धी कसली? इहीर माझी, पानी मी पितो." शेजारच्या दोन वाड्यांनी आमच्या विहिरीवर येणं सोडलं. चैत्रात त्यांच्या विहिरी मचूळ झाल्या तेव्हा तिथल्या बायका घागरी घेऊन गुपचूप परत आल्या, आणि आईनंही काही विचारलं नाही. मी मात्र बहिणीपुढे तोंड वर करून उभा राहू शकत नव्हतो. एके दिवशी तिनंच मला गाठलं. आपल्याबरोबर आलेली ती चष्मेवाली मुलगी आठवते तुम्हाला? दोन रात्री ती बहिणीच्या शेजारी झोपली होती. बहीण म्हणाली, "तिला शेवाळाची नावं येतात. मला पन यायला पायजेत. तू अप्पान्ला सांग." मी सांगितलं. अप्पांनी विचार करायला पावसाळा घेतला आणि मग तिला पुण्याला वसतिगृहात नेऊन सोडलं; त्यानिमित्तानं ते स्वतः पहिल्यांदा आगगाडीत बसले. ती पुढे शाळेची मुख्याध्यापिका झाली. लग्न तिनं उशिरा केलं, आपल्या मर्जीनं. तुमच्या येण्यानं तिचं वाईट झालं की चांगलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या येण्यानं मला प्रश्न पडायला लागले. चांगलं-वाईट तू ठरव."

आता वाडीत तेलावरचं इंजिन आहे. रहाटाची लाकडं कधीच चुलीत गेली. कागद संपत आला, आणि पाकीट मी घेतलेलंच नाही. तुमचा पत्ता कुठला लिहिणार? पण एक गोष्ट उरते.

तुम्ही गेल्याचं मला उशिरा कळलं. मी तेव्हा अलिबागला शाळेत शिकवत होतो. एक जुना वर्गमित्र बाजारात भेटला, त्यानं बोलता बोलता सांगितलं. मी चौलला गेलो आणि अप्पांना सांगितलं. ते नारळ सोलत होते. पहारीवरचा नारळ तसाच ठेवून उठले, विहिरीवर गेले आणि नेसत्या धोतरानिशी डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं. आपल्या घरचं कोणी गेल्याची खबर आली की घेतात, तसं. आई दारात आली. "कोन गेलं वो?" अप्पा म्हणाले, "आपल्यातला एक." आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत जाऊन कोरडं धोतर आणलं.

मी तेव्हा अशा रूढींना हसणारा शिकलेला मास्तर होतो. बाजूला उभा राहिलो आणि तसाच कोरडा अलिबागला परतलो. फादर, मलाही न्हायचं होतं.