ओडेन कोव्हचं जुनं स्पेलिंग

अल् खुवैर, मस्कत
७ नोव्हेंबर २०२४

ती. बाळकृष्णकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र गावी निघालेल्या वासंतीताईंकडे देतोय. आमची कंपनी किनाऱ्याचा नवा नकाशा करतेय आणि नावांची स्पेलिंगं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इथून तीन तासांवर कड्यांच्या मध्ये शिरलेली समुद्राची एक ओसाड खाडी आहे. नकाशात नाव 'ओडेन कोव्ह'. साहेब म्हणतात, ओडेन नावाचा कुणी गोरा कप्तान असेल. असा कप्तान कुठेच सापडत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या नकाशात 'ओडेनाकोव्ह' आहे, आणि सर्वात जुन्या, इंग्रजी जहाजावर काढलेल्या नकाशात 'ओडेवनाको'. शेजारी बारीक टीप: नाव देवगडच्या खलाशाने सांगितले. तुम्ही अर्धं आयुष्य गलबतावर काढलंत, काही सुचतं का? जवळचे मच्छीमार नावच घेत नाहीत, नुसती हनुवटीने जागा दाखवतात.

परवा तिथे गेलो होतो. दुपारी वारा पडला, तेव्हा आमचा ड्रायव्हर इक्बाल एकदम 'आया, अम्मी' म्हणाला आणि पाण्याकडे चालू लागला. त्याची अम्मी लखनौला! मी खूप चिडवलं, तोही हसला. बावीस तारखेला मोजणीसाठी पुन्हा जायचंय.

काकूंना नमस्कार. तुमची माया अशीच राहू द्या.
देवेश

देवगड
१६ नोव्हेंबर

चि. देवेश यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. अरे, इंग्रजांच्या जिभेवर 'द' कुठला? तो जुना शब्द मोठ्याने म्हणून बघ. ओ देव नको, आपल्या बोलीतलं. ते नाव नव्हेच. साहेबाने जागेचं नाव विचारलं असेल, आणि आपला माणूस त्याला बजावत होता, हाक आली तर ओ देऊ नको म्हणून. साहेबाने तेच लिहून घेतलं.

जाऊ नकोस. इक्बालला तर मुळीच नेऊ नकोस, त्याने ओ दिली आहे. फोनवर दुसऱ्याकरवी सांगितलं तर तू थट्टा समजशील; निशांत मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती हे देतो.

जिवाला जप, एवढंच मागणं.
तुझा काका

अल् खुवैर
२ डिसेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

निशांतचं विमान लांबलं. तुमचं पत्र चोवीस तारखेला मिळालं.

बावीसला भर दुपारी इक्बाल 'आया, आया' करत गळाभर पाण्यात गेला. मी मागून शर्ट धरून त्याला ओढला, दोघेही खडकावर आपटलो. अम्मी तिथे उभी आहे, तिला थंडी वाजतेय, असं तो रडत सांगत होता. लखनौला फोन लावला. अम्मी घरात, ठणठणीत. चार दिवसांत तो नोकरी सोडून गेला.

नव्या नकाशात मी हट्टाने सर्वात जुनं स्पेलिंग घातलंय. आपल्याकडचा कुणी वाचील तर त्याला कळेल.

एक सांगायचं टाळत होतो. इक्बालला बाहेर काढल्यावर पाण्याकडून मलाही हाक आली, 'देवा, ये रे.' देवा मला तुम्हीच म्हणता, आणि आवाजही तुमचा, अगदी तुमचा. मी ओ दिली, काका.

तेव्हापासून ती रोज येते, ऑफिसातसुद्धा. जानेवारीत घरी येतोय. मला नावाने बोलावू नका, नुसता खांद्याला हात लावा. तुमची हाक कुठली आणि ती कुठली, मला आता कळत नाही.

आशीर्वाद असू द्या.
देवेश