मयत इसमाचा पत्ता

कार्डिफ, ११ मार्च १९९१

प्रिय बाबा,

घाईघाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नका. तुम्ही पडलात हेडमास्तर, माझी पत्रंसुद्धा लाल पेन्सिल घेऊन वाचता. आज राहू दे ती पेन्सिल. तुमचा जावई जयंत म्हणतो, सरळ फोन कर. पण आजीची खाट फोनला लागून, तुम्ही नुसतं "काय?" म्हणालात तरी ती उठून बसेल. म्हणून पत्र, आणि तेही घरी नाही, तुमच्या शाळेच्या पत्त्यावर.

गणपतीत ठाण्याला आले होते तेव्हा आजीने मला जवळ बसवून काय सांगितलं, ते तुम्ही ऐकलंत. "ते तुझ्या त्या विलायतेच्या बाजूलाच बुडाले. जागा तेवढी शोध आणि माझ्या नावाने एक फूल सोड." बेचाळीस साली आजोबांचं जहाज बुडालं, गावी आचऱ्याला 'बेपत्ता'ची तार आली, तेव्हा तुम्ही पाच वर्षांचे आणि सुप्रभाआत्या सात. लहानपणापासून एवढंच ऐकत आलेय. मी नौदलाच्या रेकॉर्ड ऑफिसचा फॉर्म पाठवला. त्यावर जवळच्या वारसाची सही लागत होती. प्रौढ शिक्षण वर्गात शिकलेली ती सही आजीने अर्धा तास घेऊन केली म्हणे. तुम्ही मात्र "गेलेल्या माणसाला कशाला उकरून काढतेस" म्हणत तो फॉर्म तीन आठवडे कपाटावर ठेवलात. मला वाटलं, आळस. किती बावळट मी!

गेल्या मंगळवारी त्यांनी फाइल वाचायला बोलावलं. हॉस्पिटलमधून सुट्टी घेतली, ट्रेनमध्ये सँडविच खाल्लं, चांगली मजेत होते हो मी. पहिल्या पानावर विश्राम गोविंद मयेकर, बॉयलरवरचे स्टोकर, मग जहाज बुडाल्याची तारीख आणि जागा. फुलासाठी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. पान उलटलं तर पुढची तारीख त्यानंतर बारा दिवसांची. आजोबा स्कॉटलंडच्या एका हॉस्पिटलात. मला वाटलं, भलत्याचाच कागद लागलाय. पण नंबर तोच, गाव तेच, आणि डाव्या भुवईवरची खूण, जी आजी अजून स्वतःच्या कपाळावर बोट फिरवून दाखवते, तीही तीच. दुसऱ्या जहाजाने त्यांना पाण्यातून वर काढलं होतं. थंडीने दोन्ही हातांची बोटं गेली होती. खाली कुणा नर्सने लिहून ठेवलंय, पेशंट म्हणतो घरी कळवू नका, हे असले हात घेऊन मी बायकोच्या दारात उभा राहणार नाही.

बाबा, आजोबा बुडालेच नव्हते! मी एवढ्या मोठ्याने "अगं बाई" म्हणाले की तिथला माणूस माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

आणि आपण काय काय करून बसलो! आजीने बारा वर्षं कुंकू लावून वाट पाहिली. मग पंचावन्न साली तुमच्या थोरल्या काकांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायला लावला. अग्नी तुम्ही दिलात आणि आजीचं कपाळ पांढरं झालं. तेव्हापासून दर पितृपंधरवड्यात तुम्ही पान वाढून गच्चीवर उभे, आणि कावळा काही शिवायचा नाही. आम्ही पोरं भुकेने कळवळायचो. आजी म्हणायची, त्यांचा जीव कशात तरी अडकलाय. अहो, जिवंत माणसाच्या पानाला कावळा शिवणार कसा?

फाइल तिथेच संपली असती तर मी नाचत फोन केला असता. पण शेवटी दोन कागद टाचणीने जोडलेले होते. पहिला कार्डिफच्या एका बाईचा, खलाशांची सोय बघणारी कुणी. तारीख पुतळा जाळल्यानंतर चार महिन्यांची. तुमच्या घरचे विश्राम मयेकर हयात आहेत, इतकी वर्षं लाजले, आता परत यायचं म्हणतात, घेता का? त्याखाली आपल्या घरचं उत्तर. सही बघायच्या आधीच अक्षर ओळखलं मी. या अक्षराने माझ्या वह्यांवर नाव घातलंय, मेडिकलचा अर्ज भरलाय. 'सदर इसम मयत आहे. अंत्यविधी झाले आहेत. पुन्हा पत्र पाठवू नये.' आणि खाली, शशिकांत विश्राम मयेकर. ज्याला मयत ठरवला त्याचंच नाव मधोमध लिहून! अठरा वर्षांचे होतात, काकांनी दम देऊन लिहवून घेतलं असेल. आत्याचं लग्न ठरलं होतं, विधी झालेला माणूस दारात आला तर सोयरीक मोडली असती. असेल, असंच असेल. पण काका जाऊन वीस वर्षं झाली, बाबा. त्यानंतर कुणी धरलं होतं तुमचं तोंड?

आता बसून वाचा. ते आहेत. त्यांची पेन्शन जाते तो पत्ता फाइलच्या पाठीवर होता. त्र्याऐंशी वर्षांचे, बॅरीच्या एका वृद्धाश्रमात, माझ्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटं. सात वर्षं मी त्या समुद्रावर पोरांना आइस्क्रीम खायला नेतेय! शनिवारी मी त्यांना भेटायला गेले. मराठी गंजलीय, पण मालवणी हेल गेलेला नाही. मी शशिकांतची मुलगी म्हटल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मला वाटलं आता शिव्या घालतील, आणि घालायला हव्या होत्या. तर म्हणाले, "त्याचा अक्षर मोत्यासारखा होता गो. म्हणजे पोरगो शाळेत गेलो. किती शिकलो?" हेडमास्तर झाले म्हटलं, तर त्या बोटं नसलेल्या हातांनी टेबल थोपटत हसले. आजीचं नाव त्यांनी काढलं नाही. मी सांगितलं, आहे अजून. मग ते खिडकीकडे तोंड करून बसले, मी निघेपर्यंत.

भांडायला लिहीत नाहीये. फाइलच्या प्रती नियमाने सही करणाऱ्यालाच जातात, मला नाही. आजीच्या नावाचं जाड पाकीट शुक्रवारीच ठाण्याला निघालंय. त्यात त्या बाईचं पत्र आहे, तुमचं उत्तर आहे आणि बॅरीचा पत्ताही आहे. आजीला इंग्रजी येत नाही. ती ते पाकीट तुमच्याच हातात देईल आणि समोर येऊन बसेल. पंचावन्न सालीही घरात इंग्रजी वाचणारे तुम्ही एकटेच होतात, तेव्हा तिला काय वाचून दाखवलंत ते मी विचारत नाही. हे मात्र वाचा, बाबा. जसं लिहिलंय तसंच, एक ओळही न गाळता.

तुमचीच,
मंजिरी