चार बोटं खाली

६ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प उशिरा का होईना, ठरला. गाडी लोअर करायची, म्हणजे चार बोटं खाली आणायची. बुटक्या गाडीकडे लोक वळून बघतात, उंच गाडीला नुसतं ओव्हरटेक करतात.
पुढच्या महिन्यात प्रियदर्शनीताईचं लग्न, मांडव दारातच. आमच्या घरातली पोरगी भाड्याच्या गाडीतून सासरी जात नाही, हा आजोबांपासूनचा नियम. ताई माझ्या गाडीतून सांगलीजवळ माधवनगरला जाणार. सांगलीकरांना कळू दे, फलटणकडेही टेस्ट असते.

११ जानेवारी
स्प्रिंगा आल्या. ऑनलाइन सेल. बॉक्सवर 'सर्व गाड्यांसाठी' लिहिलंय, म्हणजे आपल्याही.
शिरवळच्या मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, नुसत्या स्प्रिंगा घालून भागत नाही, शॉकअपही बदलावे लागतात. धंदा करायचाय त्याला. आम्ही स्वतः बसवणार. माझा मित्र बिरदेवने आठ व्हिडिओ बघितलेत, मी तीन. पण मी नीट बघितलेत.

१३ जानेवारी
लिंबाखाली गाडी उचलली. जुन्या स्प्रिंगा निघता निघेनात. बिरदेवचं बोट चेंगरलं. चूक त्याची, बोट तिथे नको होतं.

१४ जानेवारी, दुपार
बसल्या!! संक्रांतीचा मुहूर्त. उजवी बाजू डावीपेक्षा जरा खाली आहे, पण ड्रायव्हरची बाजू जड असणारच. आधी ताईची मांजर गाडीखालून सरळ जायची, आता थांबते, विचार करते आणि वळसा घालून जाते. याला म्हणतात स्टान्स.
आईने विचारलं, पंक्चर झाली का.

२० जानेवारी
एकटाच फलटणला जाऊन आलो. गाडी थोडी उडते. स्पोर्टी फील.
स्पीडब्रेकरची टेक्निक सापडली. सरळ जायचं नाही, तिरकं चढायचं. एक चाक, मग दुसरं. मागे उसाचा ट्रॅक्टर खोळंबला. ड्रायव्हरने उतरून विचारलं, "पाव्हणं, गाडीत कोण आजारी हाय का?"
खेड्यात कलेची कदर नाही.

२ फेब्रुवारी
खरी अडचण घरातच निघाली. वस्तीच्या वाटेवर तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, उसाच्या पाण्याची पाइप आडवी नेलीय आणि तिच्यावर मुरमाचा उंचवटा घातलाय. तिरकं घेतलं की जमतं, फक्त खालून खर्र आवाज येतो. तात्यांना सुचवलं, लग्नापुरता उंचवटा थोडा उतरवू. तात्या फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, चर्चा करत नाहीत. म्हणाले, पाइप फुटली तर उसाची लागण वाळेल. पाइप बघून गाडी घ्यायची, गाडी बघून पाइप टाकायची नाही.
ताईने मात्र विचारलं, "नक्की जाईल न्हवं रं? लोकांसमोर उतरायला लावू नगंस मला."
शब्द दिला. टेक्निक समजावून सांगितली. तिचं लक्ष मेंदीच्या डिझाइनमध्ये होतं.

९ फेब्रुवारी
जुन्या स्प्रिंगा आईने कोंबड्यांच्या खुराड्याखाली टेकू म्हणून लावल्यात. छान बसल्यात. तशाही आता लागणार नाहीत.

२१ फेब्रुवारी
उद्या लग्न. गाडी धुतली, फुलं लावली. कानपिळ्याचा मानही माझाच. दाजींचा, म्हणजे वीरधवलरावांचा कान असा पिळायचा की अलॉय व्हील कबूल केल्याशिवाय सोडायचा नाही. एकंदरीत उद्याचा दिवस माझा आहे.

२२ फेब्रुवारी, रात्री
कान पिळला. शर्टपीस मिळालं.
पुढचं लिहू नये असं वाटतंय.
पाठवणीला मागे ताई, दाजी, पाठराखणीला भामाबाई आत्या. पुढे दाजींचे वडील लालासाहेब, हे एकटेच वजनाला दोघांच्या बरोबरीचे. डिकीत रुखवत: पितळेची घागर, तांब्याचा बंब, लाडवांचे डबे. आजवर सगळ्या ट्रायल मी एकट्याने घेतल्या होत्या, हे तेव्हा आठवलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना पाव्हण्यांच्या मोटारसायकली. तिरकं व्हायला जागाच नाही.
सरळ घेतली. पुढची चाकं गेली. मग गाडी पाइपीच्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. कासव बसतं तशी. ॲक्सिलरेटर दिला, नुसता मुरूम उडाला. बँडवाल्यांना वाटलं आम्ही मुद्दाम थांबलोय, त्यांनी नवीन गाणं धरलं.
लालासाहेब उतरले. गाडी दोन बोटं वर आली. आत्या उतरल्या, आणखी एक बोट. दाजी उतरले, तरी हलेना. शेवटी ताई शालू सावरत उतरली. अख्ख्या गावासमोर. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण तिथे आधीच गाडी होती.
तात्यांनी दुधाचा पिकअप बोलावला. हौद्यात सतरंजी टाकली, रुखवत चढवलं. पिकअप घरचा नव्हता, भाड्याचाही नव्हता, डेअरीचा होता. नियम मोडला का, हे विचारायची हिंमत झाली नाही.
चढण्याआधी दाजी माझ्याकडे आले. म्हणाले, "साईराज, आता माझी पाळी." आणि सगळ्यांसमोर माझा कान पिळला. व्यवस्थित.

२३ फेब्रुवारी
सकाळी ताईचा फोन. माफी मागायची म्हणून वाक्य तयार ठेवलं होतं, तिने बोलूच दिलं नाही. म्हणाली, "निघताना लय रडू येईल म्हणून आठवडाभर भ्याले हुते रं. तुझ्या गाडीनं रडूच दिलं न्हाई. माधवनगरपतुर हसत आलो आमी सगळी."
म्हणजे स्प्रिंगांचा उपयोग झालाच. शिरवळच्या मिस्त्रीला हे सांगायला हवं.
फोन ठेवल्यावर मात्र मलाच रडू आलं. घरात तिचं असं काही उरलं नाही आता, मांजर सोडून.
गाडी अजून पाइपीवरच आहे. तात्यांनी बोलावलंय. त्यांच्या हातात जॅक आहे. आधी खुराड्याखालच्या स्प्रिंगा काढ म्हणालेत, आणि कोंबड्यांना दुसरा टेकू बघ.