उजवं वल्हं

बिबवेवाडी, पुणे
६ जानेवारी २०२५

चि. आनंदी,

आशीर्वाद. तुझ्या आईची गुडघ्याबद्दलची तक्रार आणि माझी तुझ्या आईबद्दलची तक्रार, दोन्ही होत्या तेवढ्याच आहेत. म्हणजे घरी सगळं ठीक आहे.

पार्सलमध्ये भाजणी आणि मेतकूट आहे. "डब्यात पत्र नसेल तर डबा परत पाठवीन," असं तू होस्टेलवर असताना धमकावलं होतंस. कोइमतूरला नोकरीला गेलीस तरी मी ती पद्धत मोडलेली नाही. या वेळी पत्र टाइप केलेलं आहे. छापील मजकूर स्वच्छ दिसतो, आणि प्रिंटर वापरला नाही तर त्याची शाई वाळते. एवढंच कारण.

आता कंप्यूटरवरच्या त्या खेळाबद्दल. दोघांनी मिळून एक नाव वल्हवायची, डावं वल्हं तुझ्याकडे, उजवं माझ्याकडे, तू तिथे आणि मी इथे, ही कल्पना मला आवडली. तू म्हणालीस, "कीबोर्डवर नाही जमायचं बाबा, एक कंट्रोलर घ्या. कुठलाही." कुठलाही हा शब्द मी तुला शिकवलेला नाही.

मी आधी आठवडाभर वाचन केलं. वायरचाच घ्यायचा हे ठरलं, कारण बिनवायरच्यात अंगठा हलणं आणि पडद्यावर नाव हलणं यात पुसटसा उशीर असतो. तू म्हणशील तो कळत नाही. मला कळतो. दुसरं, टीव्हीच्या खेळयंत्रासाठी बनवलेला कंट्रोलर कंप्यूटरला जोडला की कधी कधी कंप्यूटरला वाटतं कुणी परका पाहुणा आलाय, आणि बटणं उलटसुलट होतात. काहींच्या पाठीवर एक बारीक खिटी असते, ती सरकवली की ओळख पटते. तशी खिटी हवी. तिसरं, माझं वल्हं उजव्या स्टिकवर, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या बुटक्या दांडीवर चालतं, तेव्हा ती अंगठ्याखाली नेमकी कुठे येते हे महत्त्वाचं.

एवढं घेऊन तपकीर गल्लीत मैनुद्दीनकडे गेलो. दुरुस्तीला लागणारे वजनकाट्यांचे सुटे भाग मी वर्षानुवर्षं त्याच्याकडून घेतो. हल्ली खेळांचा विभाग त्याची मुलगी आलिया बघते. मी एकेक डबा उघडायला लावला तेव्हा मैनुद्दीन म्हणाला, "रंगराव, घ्यायला आलायस की पंचनामा करायला?" शेवटी काळा घेतला. घरी आल्यावर तुझी आई म्हणाली, "माझं मंगळसूत्र घेताना चहा यायच्या आत उठला होतात."

काल आपण खेळलो त्यात नाव सारखी उजवीकडच्या खडकांवर जात होती. तू हसत होतीस. मी हसलो नाही, कारण मी निदान करत होतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. रेडिओच्या आवाजाच्या बटणात असते तशी कार्बनची पट्टी स्टिकच्या खाली असते. ती खराब असली की आपण ढकललं नाही तरी कंप्यूटरला वाटतं ढकललं. पडद्यावर तपासलं. स्टिक कुठे आहे ते दाखवणारा मधला ठिपका जागेवर राहत नाही, थरथरतो. माल खराब आहे, परत देणार.

दिवाळीत तू कपबशीवरून जे बोललीस त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तू डॉक्टरांचं नाव काढलंस, मी आवाज चढवला, तू एक दिवस आधी बॅग भरलीस. विषय संपला. ती बशी मुळात सपाट नाही. मी आता चहा पेल्यातून घेतो.

तुझा
बाबा

बिबवेवाडी, पुणे
१९ जानेवारी

चि. आनंदी,

आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. "पत्र टाइप केलेलं का? सरकारी नोटीस आल्यासारखं वाटलं," असं लिहिलंयस. हेही टाइप केलेलं आहे. सवय होईल.

काळा कंट्रोलर परत दिला आणि निळा आणला. याच्या स्टिकखाली कार्बन नाही, लोहचुंबक आहे. घासायला काही नाही, म्हणजे झिजायलाही काही नाही. असली वस्तू तयार करणाऱ्या माणसाला भेटावंसं वाटलं. आलियालाही मी हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "काका, हे डब्यावर लिहिलंय." मी म्हणालो, डब्यावर काहीही लिहितात.

आणि तरीही ठिपका थरथरतो!

मला बसवत नाही. वायर बदलली, कंप्यूटरच्या मागच्या खाचेतून काढून पुढच्या खाचेत जोडली, कंप्यूटरमधलं सगळं पुसून पुन्हा भरलं. पंख्याची हवा लागते की काय म्हणून पंखा बंद केला. तुझी आई म्हणाली, "आता भिंत बदला." कंट्रोलर डब्यात भरतो, पिशवीत ठेवतो, चपला घालतो, आणि जिन्यातून परत येऊन पुन्हा जोडून बघतो. लोहचुंबकाचा थरथरेलच कसा?

मार्केट यार्डात सध्या काट्यांवर शिक्के मारून घेण्याचे दिवस आहेत. वजनमापं खात्याचे साहेब यायच्या आत प्रत्येकाला काटा नीट करून हवा असतो. मी एक नवी पद्धत सुरू केली आहे. ग्रॅमची बारीक वजनं चिमट्याने तागडीत ठेवायची असतात, ती मी आता व्यापाऱ्यालाच ठेवायला सांगतो. त्याचा विश्वास बसतो. मसाल्याचे हिंमतराव म्हणाले, "वजनं आम्हीच ठेवायची तर तुम्ही पैसे कशाचे घेता?" मी म्हणालो, "बघण्याचे." सगळे हसले. हिंमतराव मात्र माझ्या हाताकडे बघत होते.

त्यांना मी नेहमीचं सुनावलं. तुला पाठ आहे ते. माल ठेवण्याआधी तागडी रिकामी करा, हात बाजूला घ्या, शून्य बघा. शून्य न बघता ज्याने वजन सांगितलं त्याचं वजन मी मानत नाही. हे मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मी मोडके काटे उघडून शिकलो.

काल निळा घेऊन पुन्हा आलियाकडे गेलो. तिने म्हटलं, "ही बॅचच खराब असेल काका," आणि त्याच जातीचा दुसरा दिला. दुकानात बाकी जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

येत्या रविवारी खेळायला नको. तू विचारशील म्हणून सांगतो, मला काम आहे.

बाबा

बिबवेवाडी
२७ जानेवारी

चि. आनंदी,

हे हाताने लिहितोय. पहिल्या ओळीतच तुला कळलं असेल. रेघा असलेला कागद घेतला तरी अक्षरं रेघ सोडून चालली आहेत, आणि 'आ'चा काना बघ, सरळ उतरत नाही. म्हणून टाइप करत होतो. शाई वाळत नव्हती.

दुकानात झालं ते असं. मी निळा कंट्रोलर घेऊन आत शिरलो तेच तोंड सोडत. चार गिऱ्हाइकं होती. म्हणालो, "लोहचुंबकाच्या नावाखाली काय विकताय तुम्ही?" मैनुद्दीन नमाजाला गेला होता. आलियाने तिच्या कंप्यूटरला कंट्रोलर जोडला आणि ठिपक्यांचा तो पडदा उघडला. मी उजव्या स्टिकवर अंगठा ठेवला. ठिपका थरथरला. "बघ!" मी म्हणालो. "मी ढकलतोय का? नुसता अंगठा टेकवलाय!"

ती म्हणाली, "काका, एक मिनिट, खाली ठेवा ना. इथेच, काचेवर."

ठेवला. हात बाजूला घेतला.

ठिपका मधोमध थांबला. आनंदी, इतकं स्वच्छ शून्य मी चांगल्या काट्यावरही क्वचित बघितलंय.

मग तिने तो उचलला, तिचा अंगठा तसाच टेकवला. ठिपका गप्प. तिने माझ्याकडे बघितलं, हातात तसाच धरून ठेवला, आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ही बॅचच खराब असेल काका. दुसरा देते." खोटं बोलली पोरगी. तिच्या चांगल्या मालाला माझ्यासाठी खराब म्हणाली. जन्मभर मी लोकांचं झुकतं माप पकडत आलो, आणि त्या दिवशी मी ते मुकाट्याने पिशवीत घालून घरी आणलं. बाहेर पडलो तो स्वारगेटपर्यंत चालत आलो, रिक्षाला हात करायचंही सुचलं नाही.

मी काट्याचा माणूस. कार्बन तपासला, लोहचुंबक तपासलं, वायर, पंखा, भिंत. हात बाजूला घेऊन एकदा शून्य बघावं, हे मला घरी सुचलं नाही. सुचलं नाही असं लिहितोय खरं, पण सुचलं असावं. स्वतःचा हात तपासायच्या वस्तूंत मी धरलाच नव्हता. तो माझं प्रमाण होता. त्यावरून मी बाकीच्या वस्तू चुकीच्या ठरवत होतो. तू दिवाळीत कपाकडे बघत नव्हतीस, माझ्या मनगटाकडे बघत होतीस. मला दिसलं होतं. म्हणूनच ओरडलो.

मला भीती आहे ती मरणाची नाही. चिमट्यातलं वजन तागडीत टेकवताना आकडा हलू न देणं, एवढीच माझी विद्या आहे. दुसरी मी शिकलो नाही, आणि ही मला कुणी दिलेली नाही. हीच गेली तर मार्केट यार्डात मी जाऊन उभा राहणार कशासाठी? हे तुझ्या आईलाही बोललो नव्हतो. काल बोललो. ती म्हणाली, "माझ्या लक्षात येत नाही असं वाटलं? पेला अर्धाच का भरते मग मी?"

आज सकाळी आलियाकडे गेलो आणि म्हणालो, बॅच चांगली आहे, मी सांगतो, गिऱ्हाइकांना सांग. ती लाजली. म्हणाली, "काका, माझ्या दादीलाही होतं असं. गोळीने फरक पडला थोडा." मग तिने मला सेटिंगमधली एक जागा दाखवली. तिला डेड झोन म्हणतात. मधोमध जेवढं वर्तुळ आपण ठरवू, त्यातली हालचाल कंप्यूटर मोजतच नाही. माझ्यासारख्याला हे ऐकवतही नाही. हललं आहे आणि मोजायचं नाही, म्हणजे काय? काट्यात कुणी असं केलं असतं तर मी साहेबांना बोलावलं असतं.

पण खेळात चालेल. मी ते वर्तुळ थोडंसं ठेवलंय, पूर्ण थरथर झाकेल एवढं नाही. नाव बुडणार नाही एवढं.

काट्यात चालणार नाही. सराफांचे बारीक काटे मी आजपासून घेणं बंद केलं. हिंमतरावांना कारणही सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही ठेवतो हो वजनं. तुम्ही बघा." या वेळी कुणी हसलं नाही, आणि मलाच जरा बरं वाटलं.

गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. तुझी आई बरोबर येतेय. तू रजा काढू नकोस असं लिहिणार होतो. लिहीत नाही. मिळाली तर ये.

नाही मिळाली तर रविवारी ठरल्या वेळी बस. उजवं वल्हं मी सोडणार नाही. नाव माझ्या बाजूने जरा डुलेल, खडकांकडे ओढेल. हसलीस तरी चालेल. फक्त तुझं डावं वल्हं त्या हिशेबाने मारत राहा.

तुझा
बाबा

(सही घसरली आहे. खोडून दुसरी केलेली नाही.)