खिंडीच्या उंबरठ्यावरून परत

प्रिय लुडविना,

मठाच्या शाळेत शनिवारी दुपारी पायांना लोकरीच्या चिंध्या बांधून आपण तो लांबलचक बोळ चकचकीत करायचो, आठवतं? मेणाचा वास, खिडकीतलं तिरपं ऊन, आणि घासण्याच्या नावाखाली घसरणाऱ्या आपण दोघी. काल गुडघ्यांना मलम चोळताना तेच डोळ्यांपुढे होतं. तुझा नवा गुडघा कसा आहे? (माझे दोन्ही जुनेच आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत.) बासेलची हवा मानवते ना? इकडे देवाची कृपा आहे, आणि बर्फ त्याहून जास्त.

तर संत जोसेफच्या सणाला आम्ही क्लबातले सगळे नेहमीप्रमाणे स्की घालून खिंडीपलीकडच्या गावी निघालो. तिथे मिस्सा, जवाचं सूप, साखर भुरभुरलेल्या तळलेल्या पापड्या आणि संध्याकाळी बसने घरी. तू बासेलला गेल्यापासून यात काही बदललेलं नाही. वाट पाडायला पुढे आपली क्रेसेंझ. यंदा मात्र माइनराड (रोपवेतून निवृत्त झाल्यापासून याला घरात कोणी विचारत नाही) पहिल्यापासून कुजबुजत होता, की बाई आता थकली, पुढचं स्थान सोडायला हवं. थकली कसली! तिने पाडलेली वाट तू बघायला हवी होतीस. डोंगराला कोणी सावकाश टाके घालत गेल्यासारखी. चढ कळत नाही, धाप लागत नाही, माणूस जपमाळ ओढत जाऊ शकतो.

मी मात्र शोभा करून घेतली. वाटेत एक लहानसा उतार लागतो ना, तिथे चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवलेल्या केसाळ पट्ट्या काढाव्या लागतात. गोंद थंडीने मरू नये म्हणून सगळे त्या कोटात, छातीशी ठेवतात. मीही ठेवल्या, पण घडी न घालता. त्या माझ्या हाताने विणलेल्या स्वेटरला अशा बिलगल्या की ओढून काढल्यावर निम्मी लोकर त्यांच्यासोबत आली. मग त्या स्कीला चिकटेनात, आणि पुढच्या चढावर मी एक पाऊल पुढे आणि दोन मागे. क्रेसेंझ माघारी आली, “हा स्वेटर आहे की मेंढी?” एवढंच म्हणाली, आणि आपल्या पाठपिशवीचा पट्टा सोडून माझी पट्टी स्कीला बांधून दिली. नंतर दिवसभर ती पिशवी एका खांद्यावर घेऊन चालली.

खिंडीखालच्या शेवटच्या उतारापाशी ती थांबली. काठी खुपसली, मान वाकडी करून बर्फाचा आवाज ऐकत राहिली आणि म्हणाली, “माघारी.”

आपली रीत तुला ठाऊक आहे. पुढच्याने ‘माघारी’ म्हटलं की कारण विचारायचं नाही. माइनराडने विचारलं.

“अगं, पलीकडे सूप तापतंय. वास येतोय मला.”

“मग नाक पाठव. बाकीचा तू माझ्याबरोबर चल.”

“भ्यालीस का गं म्हातारे?”

“हो,” ती म्हणाली. “भीत आले म्हणूनच एवढी म्हातारी झाले.”

सगळे वळलो. आणि लुडविना, त्या उतारावरचा बर्फ कोसळलाच नाही. दुपारभर माइनराड आपल्या गावच्या खानावळीच्या ओट्यावर दुर्बीण लावून बसला होता. त्याने मनातल्या मनात उताराला धक्केही दिले असतील. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, तरी उतार वाळत घातलेल्या चादरीसारखा निवांत. कोसळला असता तर गावाने तिचा पुतळा उभारला असता. न कोसळल्यामुळे ती भित्री ठरली. आपण बरोबर होतो हे कधीच सिद्ध होणार नाही, हे माहीत असूनही सुपाचा वास लागलेल्या माणसांना वळवायचं, आणि वर हसणं सोसायचं, याला काय म्हणतात ते शाळेत शिकवलं नव्हतं. मी तर तिच्यामागे स्वयंपाकघरातही रांगेत चालेन.

तुझीच,
सेराफिना

ता. क. ईस्टरनंतरच्या रविवारी क्लबची सभा आहे. पुढे ‘धीट’ माणूस हवा, म्हणजे माइनराड, असा ठराव येतोय. क्रेसेंझ स्वतःसाठी तोंड उघडणार नाही. बासेलला गेलेल्यांनी सभासदत्व सोडलेलं नाही, आणि मत टपालाने चालतं. काय ते समज.

ता. क. दुसरा. सोबतच्या पार्सलमधलं वाळवलेलं मांस तुझ्या भावाला, थिओडुलला. तो डळमळतोय, काप पातळ कर आणि प्रत्येक कापाला क्रेसेंझचं नाव घे. चीज आणि राय धान्याचा काळा पाव तिथल्या आफ्राला, तीही सभासद आहे, पण मताच्या कागदावर सही झाल्यावर. मधाची छोटी बरणी तुला. (तुझं मत मला माहीत आहे, म्हणून छोटी.) सर्वांत मोठं सॉसेज तिथल्या माइनराडच्या बहिणीला दे. ती भावालाच मत देणार, तेव्हा सभेची तारीख तिला आपणहून सांगू नकोस. खोटं मात्र बोलायचं नाही. विचारलंच तर तुझ्या तोंडात घास असू दे.