साठ अंशाचा तिसरा भाग

५ जानेवारी १९९६
अशक्य! बारामतीच्या कॉलेजातून आणलेल्या पुस्तकात सरळ छापलंय — नुसती पट्टी आणि कंपास घेऊन कुठल्याही कोनाचे तीन सारखे भाग पाडायची रीत असूच शकत नाही. सापडलेली नाही असं नव्हे. असूच शकत नाही!
आणि आबा बारा वर्षं तेच करतायत. कारखान्यात फिटर होते तेव्हापासून. सव्वीस तारखेला गावच्या शाळेत त्यांचा सत्कार — 'गेणबांनी कोडं सोडवलं' म्हणून. हेडमास्तरांनी पत्रकंसुद्धा छापली.
सांगायचं कसं? आधी मला तरी कळायला हवं.

८ जानेवारी
एसटीत उभ्यानं वाचलं. इंग्रजी जड. एकेचाळिसावं पान डोक्यात शिरत नाही. सोडणार नाही.

१३ जानेवारी
कळलं!! पट्टी-कंपासनं बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार होतात, वर्गमूळ निघतं — बस्स. साठ अंशाच्या तिसऱ्या भागाला घनसमीकरण लागतं, आणि ते नुसत्या वर्गमुळांनी सुटत नाही. कुणालाही, कधीही जमणार नाही — हे दोन पानांत! कॉलेजच्या आवारात एकटीच हसले.
मग आबा आठवले.

१४ जानेवारी
आबांची आकृती गणितानं तपासली. वीस अंश हवेत. येतात एकोणीस अंश अठ्ठावन्न मिनिटं. कोनमापकावर हा फरक दिसतच नाही. काय हात आहे त्यांचा!

१६ जानेवारी
सांगितलं. अंगणात, चहा घेताना.
"पुस्तकवाला हितं येऊन बघून गेला का माजी आकृती?"
"बघायची गरजच न्हाय, आबा." — हे बोलायला नको होतं. आबा कप तसाच ठेवून उठले.
आई म्हणाली, "रोहे, धा दिस गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"
बिघडलं असतं.

२१ जानेवारी
पाच दिवस अबोला. आज आबा स्वतःच समोर येऊन बसले. "दाव."
तीन तास. आबा सातवी पास. चारदा अडले, चारदा मी पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी वही मिटली आणि एवढंच म्हणाले, "बारा वर्सं, रोहे."
पाणी आणून दिलं.

२४ जानेवारी
पत्रकं वाटून झाली. आबा कुणाला काही बोलले नाहीत. मीही नाही. सत्कार त्यांचा आहे.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं. आबांनी फेटा बांधून घेतला नाही. माइकवर म्हणाले, "माजी रीत चुकीची हाय. ह्ये कोडं कुणालाच सुटायचं न्हाय. का, ते माजी लेक सांगंल."
खडू माझ्या हातात दिला, आणि पोरांच्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसले.