दोरीचा तास

अण्णा, सकाळपासून दोनदा चहा गार झाला, तिसऱ्यांदा केला तो ओट्यावरच विसरले. दहा वाजता बेळ्ळंदूरच्या साइटवर पोचायचं आहे आणि त्याआधी एका कागदावर सही करायची आहे. नव्या कामगारांना कामावर चढवण्याआधी सेफ्टीचा क्लास देतात ना, तो आता अर्ध्या तासात बसवायचा आहे. काय ठेवायचं, काय गाळायचं, ते मी ठरवायचं. तुम्ही ज्याला दोन दिवस घ्यायचात त्याला अर्धा तास! पण मी लिहायला बसले आहे ती त्यावरून भांडायला नाही. एकदा मी तुमच्याशी खोटं बोलले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते तसंच पडून आहे, आणि आज या कागदाच्या निमित्तानं पुन्हा समोर येऊन बसलं आहे.

जे. पी. नगरमधली ती पत्र्याची शेड तुम्हाला आठवत असेलच. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, तिथे चार मजली फ्लॅट उठत होते. आयुष्यभर मेस्त्री म्हणून राबलात, गुडघा मोडला तेव्हा कंपनीनं तुम्हाला परांचीवरून उतरवून शेडमध्ये शिकवायला बसवलं. बसलात मात्र कधीच नाही. पहिला दिवस हेल्मेट, पट्टा, शिडी. दुसरा दिवस दोरीचा. मी तेव्हा नुकता सिव्हिलचा डिप्लोमा करून त्याच कंपनीच्या ऑफिसात टाइप करत होते आणि स्वतःला अर्धी इंजिनियर समजत होते. तुमच्या दोरीच्या तासाचं मला हसू यायचं. दोरी धरायला आणि सोडायला काय शिकायचं, असं मला वाटे.

खरं तर तो तास कुठून आला हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो आपल्या स्वयंपाकघरात जन्मला. पाळण्याच्या जुन्या कडीतून तुम्ही दोर ओवलात, त्याला पाण्यानं भरलेलं पातेलं टांगलंत आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलंत. आईला म्हणालात, मिक्सी लाव. ती चटणी वाटते आहे, घरभर घरघर चालली आहे, आणि तुम्ही मागच्या अंगणातून ओरडता, "हिडी!" कन्नडात हिडी म्हणजे धर, आणि बिडी म्हणजे सोडा. मला ऐकू आलं बिडी. मी दोर सोडला. पातेलं आपटलं, पाणी पार तांदळाच्या डब्यापर्यंत गेलं आणि आई कडाडली, "अहो, साकु करा, पुरे आता! बाप-लेक दोघांनाही बाहेर काढीन मी." तुम्ही मात्र दारात उभे राहून खूश. "बघितलंस? मिक्सीनं पहिलं अक्षर खाल्लं. साइटवरचा काँक्रीटचा मिक्सर तर हिचा बाप." मग मला फडकं घेऊन पाणी पुसायला लावलंत, स्वतः पुसलं नाहीत, हे मी अजून विसरलेले नाही.

त्या दिवसापासून तुमच्या साइटवर दोरीसाठी "बिडी" म्हणायला बंदी झाली. तसाही तो शब्द दिवसभर कोणी ना कोणी ओरडायचाच, ओढायची बिडी मागायला! त्याच्या जागी तुम्ही आपल्या घरातला शब्द आणलात: सोड. साइटवर मराठी कोणाला येत नव्हती, म्हणून तो दुसऱ्या कुठल्या बोलण्यात चुकून येण्याची भीती नव्हती. धरायचं असेल तर "हिडी", सोडायचं असेल तर "सोड". आणि ऐकलेला शब्द आधी परत ओरडायचा, मगच हात हलवायचा. भर दुपारी शेडमधून तीस-चाळीस जण "सोड! सोड!" ओरडायचे. तमिळ सुतारांना त्यात सोडा ऐकू यायचा. रायचूरकडची एक बाई होती, वाळूची घमेली वाहणारी, चांगली दणकट आणि तोंडाची फटकळ. ती तुम्हाला रोज छेडायची, "मेस्त्री, सोडा यल्लि? बिसिलु जास्ती!" ऊन फार आहे, सोडा कुठे आहे! तुम्ही म्हणायचात, "आधी सोड म्हण, मग सोडा." ती म्हणायची, आणि सगळी शेड हसायची.

ऑफिसातही हसायचे, पण ते हसणं वेगळं. मी आले की इंजिनियर लोक एकमेकांना पेन देताना "सोड, सोड" करायचे. एकानं एकदा माझ्या टेबलावर गोळी सोड्याची बाटली आणून ठेवली. मी हसले, आणि आतून जळले. आपली घरातली भाषा अशी उघड्यावर टांगलेली मला बघवेना. तुमची लाज वाटली, अण्णा. दुसरा शब्द शोधत बसत नाही, लाजच होती ती.

त्याच सुमाराला वरून हुकूम आला की दोन दिवस परवडत नाहीत, क्लास एका सकाळीत संपवा. काय गाळायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. टाइप करणारी मी, तेव्हा आराखडाही मीच करायचा होता. घरी ओट्याशी उभी राहून मी पेन्सिल घेतली आणि दोरीच्या तासावर आडवी रेघ मारली. खाली नीट शुद्ध कन्नडात एक ओळ घातली: दोरीसाठी हिडी आणि बिडी हे शब्द वापरावेत. परत ओरडायचं वगैरे काही नाही. छापलेला कागद तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही तो दोनदा वाचलात. "दोरीचा तास कुठे गेला?" मी म्हटलं, "वरून काढलाय." तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, आणि म्हणालात, "सरी." बरं, एवढंच. एरवी मिठावरून वाद घालणारा माणूस! मला वाटलं, चला, पटलं.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिसऱ्या मजल्यावर कप्पी, खाली मिक्सरच्या शेजारी दोर ओढणारे दोघं. दोघंही त्या नव्या एका सकाळच्या क्लासमधून आलेले. सेंट्रिंगच्या पत्र्यांचा भारा वर पोचला. तो आत ओढून घेणारा ओरडला, "हिडी!" खालच्यांनी जे ऐकलं तेच मी एकदा स्वयंपाकघरात ऐकलं होतं. त्यांनी दोर सोडला. भारा खाली आला तो त्या रायचूरच्या बाईच्या बाजूला. ती वाचली. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात मी तुमच्या मागे उभी होते. तिच्या हाताला मोठं बांधलेलं होतं, आणि ती रडत नव्हती, तिला राग आला होता. "मेस्त्री, नमगे सोड अंत हेळकोट्टिद्रि. इवरिगे याके हेळकोडलिल्ल?" आम्हाला सोड शिकवलंत, मग यांना का नाही शिकवलंत? खोलीत कंपनीचे साहेब होते, दोरवाले दोघं कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. साहेबांना म्हणालात, "क्लास माझा आहे. माझ्याकडून राहिलं. या पोरांचं काही नाही." दोन महिन्यांत तुम्ही काम सोडलंत. मग घरी, गुडघ्याला तेल लावत, रेडिओ ऐकत. दोरीचा विषय आपल्यात परत कधी निघाला नाही. मी मात्र ऑफिस सोडून शेडमध्ये गेले, दोरीचा तास परत आणला, आणि तेव्हापासून तेच करते आहे. लोक म्हणतात मॅडम वडिलांचा वारसा चालवतात. मी मान हलवते.

आता बेळ्ळंदूरला सतरा-अठरा मजले चढतात. क्रेन आहेत, वॉकीटॉकी आहेत, तरी रंगाचे डबे आणि फरशा आजही कप्पीवरूनच जातात. कामगार बिहार-ओरिसाचे, आणि तेही "सोड" म्हणतात. काल नवी सेफ्टी ऑफिसर आली, पुण्याची. कागद बघून हसत म्हणाली, "मॅडम, हा सोडवाला पार्ट ड्रॉप करूया ना? सगळं हिंदीत चाललंय, मधेच मराठी जरा ऑकवर्ड वाटतं." चांगली मुलगी आहे, हुशार आहे. मला तिच्या जागी मीच दिसले, पेन्सिल घेऊन उभी. मी काही बोलले नाही. पुन्हा बोलले नाही! त्यानंतर झोप लागली नाही की एका जागी बसवलं नाही.

म्हणून आत्ता लिहिता लिहिता तो कागद पुरा केला. अर्ध्या तासातली वीस मिनिटं दोरीला. हेल्मेटची चित्रं भिंतीवर लावता येतील. ती का म्हणून विचारेल, आणि आज तिला सगळं सांगायचं आहे, ओट्यापासून दवाखान्यापर्यंत. तुम्हाला आधी सांगून बघितलं. हे पत्र पाठवणार कुठे. साइटवरच्या कपाटात दोराच्या वेटोळ्याखाली ठेवीन. तास मी गाळला होता, हे तुम्हाला कळलं असणारच, घरी पडलेल्या कच्च्या कागदावरची माझी पेन्सिल तुम्ही ओळखत होतात. पण एक गोष्ट तुम्हालाही कळली नसेल. दवाखान्यात तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेतलंत, तेव्हा मला आधी वाईट नाही वाटलं, अण्णा. आधी सुटल्यासारखं वाटलं.